मोरी म्हंजी मोरी

अक्का, आता तरी खरं सांग. तुला ठाऊक होतं का नव्हतं?

काल तुझं तेरावं झालं. पाहुणे पांगले, पातेली घासून पालथी पडली, आणि घर जरा शांत झालं तशी मी लिहायला बसले. रडून झालंय माझं. येईल ती बाई गळ्यात पडून रडतीय, तुझे गुण गातीय, आणि माझ्या डोक्यात मात्र एकच किडा वळवळतोय. त्या दिवशी लिंबाखाली तू ओव्हरसियरला मधेच तोडलंस ते मुद्दाम, का उगीच? थोरली जाऊ गेली आणि हिला हे काय सुचतंय, असं म्हणतील लोक. म्हणू देत. तू असतीस तर म्हणाली असतीस, "सुमे, तुला खाजच लई." आहेच मला खाज. पण ती तूच लावलीस.

लग्न होऊन आले तेव्हा मी तुला रीतीनं 'अहो अक्का' म्हणायचे. थोडे दिवस ऐकून घेतलंस आणि मग चुलीपुढं फुंकणी खाली ठेवून म्हणालीस, "मला तुमी-बिमी म्हनू नगंस बाई. मी काय तलाठी हाय का?" सासूबाई आत होत्या, मी तोंडात पदर कोंबून हसले. त्या दिवसापासून तू माझी 'तू' झालीस. शेवटी तुला 'तू' म्हणणारी या घरात मी एकटीच उरले होते आणि आता म्हणायचं कुणाला, ते कळत नाही.

माझं माहेर मोडनिंबाच्या पेठेतलं. घर लहान, पण मागं दार लावून घ्यायची मोरी होती, खाली फरशी, कोपऱ्यात तांब्याचा हंडा. कुणी तिला न्हाणी म्हणायचं, आम्ही मोरीच म्हणायचो. या वस्तीत आल्या आल्या मी तुला विचारलं, "अक्का, मोरी कुठंय?" तू माझ्याकडं असं बघितलंस की जणू मी विहिरीतला चंद्र मागितला. मग हसत सुटलीस. "मोरी? आगं, ह्यो समदा मुलूख मोरीच हाय की!"

खरंच होतं ते. घरामागं एक बाज उभी केलेली, तिच्यावर पोतं टाकलेलं, तेवढा आडोसा. तांबडं फुटायच्या आत बायकांनी उरकायचं. पायाखाली काळा चिखल, आपल्याच आंघोळीचं पाणी आपल्याच टाचांशी साचलेलं, वर डास. पोत्याला भोकं. पहिल्या दिवशी मी तशीच अंग चोरून उभी राहिले, लुगडं सोडवेना. तेव्हा तू घरातनं वाकळ आणलीस, दोन्ही हात पसरून धरलीस आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिलीस. कुठून तरी खाकरल्याचा आवाज आला. तू तिथूनच ओरडलीस, "कोन हाय त्यो? डोळं काडून हातात दीन!" खाकरणारे आपले मामंजीच होते, ते बिचारे परत फिरले. तुझे दंड भरून आले असतील. मी दोन तांब्ये जास्त घेतले तरी तू वाकळ खाली केली नाहीस.

त्यानंतर किती सकाळी तू ती वाकळ धरलीस, अक्का! आणि मी तुला त्याबद्दल कधी चकार शब्द बोलले नाही. जावेचे आभार कोण मानतं? बोलले असते तर मला वेड लागलंय म्हणाली असतीस. पण आज बोलते. तुझ्यामुळं मी या घरात माणसासारखी न्हाले.

तुला अजून एक खोड होती. पाणी ओतायचं आणि ते कुठं जातंय ते बघत बसायचं. भांड्याचं पाणी, कपड्याचं पाणी, काहीही. पाऊस पडून गल्ली वाहायला लागली की तू ज्वारीचं एक चिपाड त्यात सोडायचीस आणि त्याच्या मागं मागं चालायचीस, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून, बारक्या पोरीसारखी. वस्तीतल्या बाया हसायच्या. मी एकदा तुझ्याबरोबर आले होते. चिपाड आपल्या दारावरनं शेजारच्या तुळसाकाकूच्या गोठ्याकडं वळलं, लिंबाला वळसा घालून मोठ्या रस्त्यापाशी गेलं आणि तिथं गरगरत राहिलं. पुढं जाईना. तू कमरेवर हात ठेवून रस्त्याकडं बघत राहिलीस, लई वेळ. मी म्हटलं, "चल गं अक्का, भाकरी टाकायच्यात." तू म्हणालीस, "हितं आडतंय बग."

हे मला आता आठवतंय. तेव्हा मी कशाला लक्ष देतीय!

तो रस्ता आपणच केलेला. दुष्काळात कामं निघाली तेव्हा तू, मी, तुळसाकाकू, सगळ्याच त्याच्यावर मुरूम टाकत होतो. रस्ता उंच झाला, गाड्या खडखडत मोडनिंबाकडं जायला लागल्या, आपल्यालाही कौतुक. दुष्काळात पाणी नव्हतंच, तर ते अडेल हे कुणाच्या मनात येणार? पुढं पाऊसकाळ बरा झाला आणि जे पाणी आधी सरळ ओढ्याला जात होतं ते रस्त्याला टेकून आपल्या वस्तीत बसलं. रस्ता गावाला मिळाला आणि पाणी आपल्याला. गल्लीत पिंढरीएवढा चिखल, उंबऱ्याच्या आत ओल, आणि घरामागच्या त्या आंघोळीच्या जागेचं तर डबकंच झालं.

त्यात मला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं; आता आई थकलेली, माहेरी जायचं नाही, बाळंतपण इथंच होणार असं ठरलं. मला त्या डबक्याचीच धास्ती. बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, आणि ते कुठं? त्या चिखलात, त्या पोत्यामागं? मी एक दिवस रडले तुझ्याजवळ. तू माझी वेणी घालत होतीस. केस जरा जोरात ओढलेस आणि म्हणालीस, "चिकलात न्हाय न्हाऊ घालनार मी तुला. लिवून ठीव."

आणि मग तो ओव्हरसियर आला.

चष्मेवाला, सायकलवरनं आलेला, बोलणं शहरातलं पण माणूस गरीब स्वभावाचा. भर दुपारची वेळ. गडी सगळे कामावर, लिंबाखाली आम्ही बायकाच. तो म्हणाला, "तुमच्या वस्तीला एक मोरी मंजूर झाली आहे. नळ सरकार देईल, गवंडी सरकार देईल. चर खणायचा आणि गल्लीतली गटार काढायची, तेवढं मात्र तुम्ही श्रमदानानं करायचं."

मोरी! आणि वर नळ! आमच्यात खुसखुस सुरू झाली. माझ्या तर डोळ्यांपुढं माहेरचा तांब्याचा हंडाच आला.

तुळसाकाकूला सगळं खुलाशानं लागतं. तिनं पदर सावरून विचारलं, "एकच व्हय? समद्या वस्तीला मिळून?"

"एक पुरे होईल, काकू. चांगली मोठी आहे."

"आनि आडुसा?"

त्याला काय ऐकू आलं कोण जाणे. म्हणाला, "दोन्ही अंगांना भिंत येईल की. दगडी."

"किती उच?"

"कंबरेएवढी."

"मंग बसूनच करावी लागंल," काकू म्हणाली.

"काय करावी लागेल?" ओव्हरसियरनं चष्मा वर सारला आणि एकेकीच्या तोंडाकडं बघायला लागला. आता त्याला काहीतरी समजणार होतं. आणि आम्हालाही.

इथं, अक्का. नेमकं इथं तू उठलीस. लुगड्याची धूळ झाडलीस आणि म्हणालीस, "सायब, नळ हाय, भिंत हाय, मोरी हाय. आनि काय पायजे? मोरी म्हंजी मोरी की! कवा खनायचं तेवडं सांगा." त्यानं वार सांगितला, सायकलवर टांग टाकली आणि गेला.

मी रात्री ह्यांना सांगितलं, "आपल्या वस्तीला मोरी होणार आहे." हे म्हणाले, "बरं झालं. लई गरज होती." मला इतका आनंद झाला! म्हटलं, चला, ह्यांना बायकांची गरज कळली तरी. हे चिखलात रुतणाऱ्या बैलगाडीच्या चाकाचा विचार करत होते ते मला काय ठाऊक? प्रत्येक घरात असंच झालं. नवऱ्यानं एक मोरी ऐकली, बायकोनं दुसरी, आणि दोघंही खूश.

आपण खणलं. कधी नव्हे ती वस्तीतली एकूण एक बाई आली. जिला जिच्याशी बोलायचं नव्हतं तीपण कुदळ घेऊन आली, कारण मोरी व्हायची होती. माझं पोट पुढं आलेलं, तू मला पाटी उचलू देईनास, मी लपून उचलायचे. चर रस्त्याला आडवा चालला होता. कुणीतरी विचारलं, "मोरीचा चर रस्त्यात कशाला गं?" तू कुदळ न थांबवता म्हणालीस, "आंगुळीचं पानी जायाला नगं?" पटलं की सगळ्यांना. मलाही पटलं. आता बघ, यात खोटं तरी काय होतं?

मग मोडनिंबाहून नबीभाईचा ट्रक आला. "सरको, सरको भाबी," करत त्यानं फळ्या लावून सिमेंटचे ते मोठे मोठे नळ खाली घरंगळत सोडले. तुळसाकाकू एका नळाभोवती फिरली, आत तोंड घालून बघितलं आणि तिचा आवाज त्यातनं घुमत बाहेर आला, "आगं बया! ह्यो नळ? ह्येची तोटी कुटं हाय?"

नबीभाई पोट धरून हसला. आम्हीही हसलो, पण काय हसावं ते आम्हाला कळलं नव्हतं. मी तुझ्याकडं बघितलं. तू हसत नव्हतीस. तू रस्त्याच्या पलीकडं ओढ्याकडं बघत होतीस.

नळ चरात बसले. दोन्ही तोंडांना दगडी भिंती झाल्या, कंबरेएवढ्या, अगदी सांगितल्यासारख्या. वर मुरूम पडला, धुमसानं चोपून झाला. ओव्हरसियर हात झटकत म्हणाला, "चला, झाली तुमची मोरी."

तुळसाकाकू उतरून त्या भिंतीच्या आड गेली आणि खरंच खाली बसून बघितलं. रस्त्यावरनं एक गाडी चालली होती. गाडीवानानं वरनं विचारलं, "काय हरवलं का म्हातारे?"

मग जो कालवा उठला! तो बिचारा ओव्हरसियर घाम पुसत सांगतोय, "अहो, रस्त्याखालनं पाणी जातं तिला मोरीच म्हणतात. मी न्हाणीघर कधी म्हटलं?" आणि बाया त्याला ऐकवताहेत. पण मी त्याच्याकडं गेलेच नाही. मी तुझ्याकडं आले. म्हटलं, "रस्त्याला आंघोळ घालायला आणलंस व्हय आम्हाला? माझे दिवस भरत आले, अक्का! आता मी कुठं न्हाणार?"

तू म्हणालीस, "आगं, मला तरी कुटं ठावं हुतं?"

तुझा तो चेहरा मी आज तेरा दिवस डोळ्यांपुढं आणतेय. डोळे खाली, ओठ घट्ट. ती लाज होती का हसू दाबलेलं होतं? मी तुझ्याशी बोलणं टाकलं. एका चुलीवर दोघी, आणि मीठ हवं असलं तरी मी सासूबाईंना मागायचे. तू मुकाट्यानं माझ्यापुढं मिठाचं भांडं सरकवायचीस. त्यानं मला अजूनच राग यायचा.

अबोला मोडला तो पावसानंच. दुपारभर कोसळला. मी दारात उभी, पाणी उंबऱ्याशी कधी येतंय याची वाट बघत. आलंच नाही. तू गल्लीत उतरलीस, चिपाड सोडलंस आणि चालायला लागलीस. मला राहवेना. राग तसाच ठेवून मी पोट सांभाळत तुझ्या मागं आले. चिपाड लिंबाला वळलं, रस्त्यापाशी गेलं, गरगरलं नाही. सरळ त्या नळाच्या तोंडात शिरलं. तू रस्ता चढून पलीकडं पळालीस आणि तिथनं हाका मारायला लागलीस, "आलं गं! सुमे, आलं बग! भाईर आलं!" केस सुटलेले, भिजून चिंब, हातात ते चिपाड. त्या वेळी मला तुझा इतका राग आला आणि इतकी माया आली की दोन्ही एकदमच. अजून तसंच आहे.

दुसऱ्याच दिवशी तू ओव्हरसियरला गाठलंस. रस्ता खणताना निघालेल्या दगडांचा ढीग कडेला पडला होता. "ह्ये आमच्या हातानं काडल्यात. आमी नेनार," म्हणालीस. तो म्हणाला, "न्या की बाई, मला कशाला विचारता." आणि जाता जाता, त्याच्या मनाला लागलं असावं, गवंड्याला म्हणाला, "एक दिवस यांच्याकडं जा रे." आपल्या घरामागं भिंती उठल्या. डोक्याच्या वर हातभर, कंबरेएवढ्या नाहीत. नबीभाईनं सोलापुरातनं येताना शहाबादी फरशीचे तुकडे आणून टाकले. ह्यांनी आणि तुझ्या मालकांनी, भाऊजींनी, दार ठोकलं. तू आत जाऊन तांब्याभर पाणी ओतलंस, उकिडवी बसून ते कुठं जातंय बघितलंस, एक फरशी उचकटायला लावलीस, परत ओतलंस. पाणी भिंतीच्या भोकातनं गटारीत गेलं, गटारीतनं नळात, नळातनं ओढ्यात. मागच्या पुढच्या सगळ्या घरांनी मग बघून बघून आपापली केली. पण आधी ते पाणी रस्त्याखालनं वाट काढून गेलं नसतं, तर फरशी घालूनही ते पायाशीच साचलं असतं. आधी ती मोरी, मग ही. हे मला फार उशिरा कळलं.

पोरगी झाली. तू पाय पसरून तिला पायांवर घेतलंस आणि न्हाऊ घातलंस. ती किंचाळतीय, तुझं लक्ष तिसरीकडंच. मी आतनं ओरडले, "अगं पोरीकडं बघ की!" तू म्हणालीस, "पानी जातंय न्हवं, त्ये बगते."

त्यानंतर मी तुला किती वेळा विचारलं! तू खुशीत असलीस की म्हणायचीस, "न्हाय गं, मीबी तुमच्यावानीच फसले." आणि कधी भांडण झालं की फटकन म्हणायचीस, "ठावं हुतं मला. रस्त्याखाली भोक पाडायचंय म्हनून सांगितलं असतं तर आली असतीस का? एक तरी आली असती का?" मी म्हणायचे, आले असते. तू म्हणायचीस, "जा गं, खोटारडी!" हा वाद आपला मिटलाच नाही. गेल्या महिन्यात तू अंथरुणाला खिळलीस तेव्हाही मी पाय चेपता चेपता चेष्टेनं विचारलं. तू डोळे न उघडता म्हणालीस, "लई इचारतीस गं सुमे." आणि हसलीस. ते हसू कसलं होतं, ते सांगायच्या आत गेलीस.

आता शेवटचं सांगते. हे तुला ठाऊक नाही, कारण तू आमच्यात असून नव्हतीस.

तू गेलीस आणि रीतीप्रमाणं अंगणात पाट मांडला. सवाष्ण गेली, न्हाऊ घालायचं, हळद लावायची, हिरवं लुगडं नेसवायचं. अंगणात सगळं गाव जमलेलं. बायका धोतर धरून आडोसा करायला लागल्या. वाऱ्यानं ते धोतर उडत होतं. मला काय झालं कोण जाणे, मी ओरडलेच, "तिला अंगणात न्हाऊ घालायचं नाही!"

कुणीतरी म्हणालं, "आगं, अशीच रीत हाय." मी म्हटलं, "असेल. ती जन्मभर दुसऱ्यांना आडोसा धरून उभी राहिली. तिला धोतराच्या आड नाही न्हाऊ घालायचं. मोरीत घ्या." भाऊजी माझ्याकडं बघत राहिले. तुळसाकाकू आता पार वाकली आहे, पण तीच काठी टेकत उठली. म्हणाली, "बराबर हाय. मोरीतच न्या तिला."

आम्ही तुला आत घेतलं, दार लावलं. तुझ्या फरशीवर, तुझ्या भिंतींत. कढत पाण्यानं न्हाऊ घातलं, तुला आवडायचं तसं. कुणाला घाई नव्हती. मी दोन तांब्ये जास्त घातले. आणि मग, अक्का, तुझी खोड मला लागली असणार. कोपऱ्यातल्या सरपणातनं मी एक चिपाड उचललं आणि तुझ्या पायांशी पाण्यात सोडलं.

ते भिंतीच्या भोकातनं गेलं. मी ओल्या हातांनी दार उघडून बाहेर आले आणि गटारीच्या कडेनं चालायला लागले. दुःखानं हिचं डोकं फिरलं असं लोकांना वाटलं, कुणी अडवलं नाही. लिंबापाशी वळलं. नळात शिरलं. मी रस्ता चढून पलीकडं गेले आणि वाकून बघत राहिले. उन्हाळ्याचे दिवस, गटारीत दुसरं पाणी नव्हतंच. जे येणार ते तुझंच.

आलं, अक्का. आधी थोडं पाणी, मग चिपाड. कुठंच अडलं नाही.

मागं वस्तीत तुला उचलायची गडबड चालली होती. थोड्या वेळानं तुला त्याच रस्त्यावरनं नेलं. तुझं पाणी तुझ्या आधीच पलीकडं पोचलं होतं.